औंधच्या डोंगरावरील चित्रसंग्रहालय

संग्रहालय म्हटलें कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें शहर उभें राहतें. आपल्या देशांत ही संस्था रुजली तीच मुळीं मोठ्या शहरांच्या आश्रयानें. कलकत्त्याच्या संग्रहालयाची स्थापना १८१४ सालीं झाली, मद्रासच्या संग्रहालयाची १८५१ सालीं. मुंबईस भायखळ्याचें संग्रहालय १८७२ सालीं लोकांस खुलें झालें, आणि जॉर्ज विटेट यांनीं आंखलेली प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाची घुमटाची भव्य इमारत १९२२ सालीं उघडली. खेड्यांतील माणसानें संग्रहालय पाहावयाचें तें कधीं काळीं मुंबईस गेल्यावर, राणीच्या बागेंतील वाघसिंहांच्या जोडीनें, असा जणूं संकेतच ठरून गेला होता. चित्रकलेची स्थिति तर याहूनहि निराळी होती. देवळाच्या भिंती आणि घरांतील देवांच्या तसबिरी यांपलीकडे चित्र म्हणून कांहीं खेड्याच्या वांट्यास येत नसे.

या संकेतास एका लहानशा मराठी संस्थानानें १९३८ सालीं अपवाद निर्माण केला. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांतील औंध या गांवीं, गांवाच्या माथ्यावर उभ्या असलेल्या यमाईच्या डोंगरावर, त्या वर्षीं श्री भवानी चित्रसंग्रहालय व ग्रंथालय स्थापन झालें. औंध हें राजधानीचें गांव खरें. परंतु वस्तीनें, व्यवहारानें आणि राहणीनें तें खेडेंच होतें. सोलापूर जिल्ह्याशीं तर या संस्थानाचें नातें शेजाऱ्याचें. त्याचा मुलूख सलग नसून तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेला होता, आणि त्यांपैकीं आटपाडीचा तुकडा सांगोल्याच्या शिवेला भिडत होता. दोहींकडे माणदेशचा तोच खडकाळ माळ, तोच तुटपुंजा पाऊस, तींच मेंढरें आणि तीच ज्वारी. सगळ्या संस्थानाचें क्षेत्रफळ ५०१ चौरस मैल होतें आणि १९४१ च्या शिरगणतीप्रमाणें लोकसंख्या ८८,७६२. एकट्या सोलापूर शहरांतच त्या वेळीं याहून अधिक माणसें राहत होतीं.

ज्यांच्या हौसेंतून हें संग्रहालय उभें राहिलें ते श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि १८६८ सालीं जन्मले व १९०९ सालीं गादीवर आले. राजाराम महाराजांच्या काळांत निर्माण झालेल्या प्रतिनिधिपदाचा वारसा त्यांच्याकडे होता. पण लोकांच्या स्मरणांत ते राहिले ते सूर्यनमस्कारांचे प्रचारक, कीर्तनकार आणि चित्रकार म्हणून. त्यांचें चित्ररामायण १९१६ सालीं प्रसिद्ध झालें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेण्याचें ठरविलें तेव्हां एक लाख रुपये देण्याचें वचन १९१८ सालीं त्यांनींच दिलें. वेरूळ आणि अजिंठा येथील लेण्यांवर त्यांनीं ग्रंथ लिहिले, आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करवून घेतल्या. स्वतः कुंचला हातीं धरणारा मनुष्य संग्राहक झाला म्हणजे त्याच्या संग्रहास जो जिवंतपणा येतो, तो औंधच्या संग्रहांत पदोपदीं दिसून येतो.

या संग्रहांत जुन्या राजपूत, मोगल व पहाडी शैलींचीं चित्रें आहेत, लांकडाची व हस्तिदंताची कारागिरी आहे, युरोपांतील नामांकित कृतींच्या प्रतिकृति आहेत. परंतु त्याचें खरें वैशिष्ट्य निराळें आहे. जुनें तेवढें सोनें, या समजुतीनें हा संग्रह झालेला नाहीं. राजा रविवर्मा १९०६ सालीं निवर्तले. म्हणजे भवानरावांच्या तारुण्यांत ते हयात होते आणि त्यांचीं चित्रें हीं त्या काळचीं नवीं चित्रें होतीं. महादेव विश्वनाथ धुरंधर आणि कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे दोघेहि संग्रहालय उघडलें तेव्हां हयात होते. माधव सातवळेकर, ज्यांचे वडील पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधासच वास्तव्य करून वेदाभ्यास करीत होते, ते तर त्या वेळीं पंचविशीच्या आंतले तरुण होते. या साऱ्यांचीं चित्रें येथें आहेत. इंग्लंडांतील एका खाणकामगाराचा मुलगा हेन्री मूर, जो पुढें विसाव्या शतकांतील थोर शिल्पकारांत गणला गेला, त्याचें ‘माता व बालक’ हें दगडी शिल्पहि याच डोंगरावर आहे. तेव्हां आपल्या काळाच्या कलेचें संग्रहालय, असें जें आज म्हटलें जातें, तसें तें औंधास त्या काळींच झालें होतें.

आतां अशा संग्रहासाठीं इमारत कशी असावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. घर माणसासाठीं बांधतात, देऊळ देवासाठीं बांधतात. चित्रशाळा मात्र प्रकाशासाठीं बांधावी लागते. चित्र भिंतीवर टांगावयाचें, आणि उजेड तर खिडकींतून यावयाचा. खिडकी ठेवली तर तितकी भिंत गेली. समोरच्या भिंतीवर चित्र टांगलें तर खिडकीचें प्रतिबिंब चित्राच्या काचेंत किंवा तैलरंगाच्या रोगणांत चमकूं लागतें, आणि पाहणारास चित्राऐवजीं स्वतःचेंच तोंड दिसतें. खिडकीच्या शेजारीं टांगलें तर डोळे दिपून चित्र काळवंडतें. राजवाड्यांच्या दिवाणखान्यांत लावलेलीं कितीतरी सुंदर चित्रें याच कारणानें कोणाला नीट दिसत नाहींत.

त्यावर उपाय एकच. उजेड वरून आणणें. औंधच्या इमारतीची मुख्य कल्पना हीच होय. दालनांत दिवसाचा उजेड छताकडून उतरतो, भिंती चित्रांसाठीं मोकळ्या राहतात, आणि प्रकाश थेट न पडतां पसरून येत असल्यामुळें पाहणाराची सावली चित्रावर पडत नाहीं. विजेच्या दिव्यांच्या भरंवशावर खेड्यांत चित्रसंग्रहालय बांधावें असे ते दिवस नव्हते. सूर्य हाच दिवा, आणि छप्पर हीच त्याची काच, असें समजून ही वास्तु आंखली गेली.

ही युक्ति ऐकून कोणास ती परदेशी वाटेल. पण दख्खनच्या माणसास ती मुळींच अपरिचित नाहीं. सोलापूर, माणदेश आणि मराठवाडा या भागांतील जुनें माळवदाचें घर डोळ्यांपुढें आणावें. जाड मातीच्या भिंती, त्यांना खिडकी जवळजवळ नाहींच. पण धाब्यांत एक साणें असतें. त्यांतून चुलीचा धूर बाहेर जातो आणि उजेडाचा एक खांब आंत उतरतो. त्या उजेडांत आजी तांदूळ निवडते, पोर पाटी गिरवतें. वाड्याचा चौक म्हणजे याच साण्याचें मोठें रूप. वरून येणाऱ्या उजेडांत बारीक काम नीट होतें, हें ज्ञान या मुलखांत घरोघरीं होतें.

सोलापूरच्या माणसास याचें दुसरेंहि उदाहरण ठाऊक आहे. सोलापुरांत जुनी गिरणी १८७७ सालीं निघाली आणि त्यानंतर या शहराचें जीवन गिरणीच्या भोंग्यावर चालूं लागलें. गिरण्यांच्या विणाईच्या खात्यांसाठीं जें छप्पर जगभर रूढ झालें तें करवतीच्या दांत्यांसारखें असे. प्रत्येक दांत्याची एक बाजू पत्र्याची वा कौलांची उतरती, आणि दुसरी उभी, काचेची, उत्तरेकडे तोंड केलेली. कारण उघड आहे. हजारों धाग्यांतून एक धागा तुटला तर तो विणकराच्या नजरेस तत्काळ यावा लागतो. त्यासाठीं उजेड भरपूर हवा, पण ऊन नको. विणकराला जो उजेड हवा तोच चित्र पाहणाराला हवा. कारखान्यानें जें पोटासाठीं शोधलें तेंच चित्रशाळेनें डोळ्यांसाठीं वापरलें.

तथापि आपल्याकडे एक अडचण अधिक आहे, आणि ती आकाशांतली आहे. लंडनच्या दक्षिणेस डलिच नांवाचें गांव आहे. आज तें शहरांत मिसळून गेलें असलें तरी त्या काळीं वेगळें खेडें होतें. तेथें सर जॉन सोन या वास्तुशिल्पज्ञानें बांधलेली चित्रशाळा १८१७ सालीं लोकांस खुली झाली, आणि छतांतून उजेड घेण्याची तिची पद्धति पुढें अनेक देशांनीं उचलली. परंतु डलिच साडेएकावन्न उत्तर अक्षांशावर आहे; तेथें भर उन्हाळ्यांतहि सूर्य कधीं डोक्यावर येत नाहीं. औंध आणि सोलापूर हीं दोन्ही सतरा व अठरा अंशांच्या दरम्यान आहेत. येथें मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत आणि पुन्हां ऑगस्टच्या आरंभीं माध्यान्हीं सूर्य बरोबर माथ्यावर येतो, व मधल्या काळांत दुपारचा सूर्य किंचित् उत्तरेलाच असतो. म्हणजे विलायतेंतली काच जशीच्या तशी येथें बसविली तर ऐन उन्हाळ्यांत ऊन थेट चित्रावर कोसळावयाचें. उजेड आंत घ्यावयाचा आणि ऊन बाहेर ठेवावयाचें, ही दख्खनच्या चित्रशाळेची खरी कसोटी आहे.

ही कसोटी किती कठीण आहे हें आंकड्यांवरून ध्यानांत येईल. प्रकाशाचें माप लक्स या परिमाणांत करतात. भर दुपारच्या उन्हांत तें सुमारें एक लाखापर्यंत जातें. कागदावरील व जलरंगांतील चित्रांस ५० लक्सहून आणि तैलचित्रांस सुमारें २०० लक्सहून अधिक उजेड असूं नये, असें संग्रहालयशास्त्र सांगतें. कारण रंग उडतो तो हळूहळू उडतो, आणि एकदां उडालेला रंग कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं. बाहेरच्या उजेडाचा पांचशेंवा किंवा दोन हजारावा भाग तेवढा आंत यावा, अशी चाळणी छपरानें करावयाची असते. यावरून छप्पर हें चित्रसंग्रहालयाचें केवळ पांघरूण नव्हे, तें त्याचें मुख्य यंत्र आहे, हें सहज पटावें.

योगायोगाची गोष्ट अशी कीं, ज्या १९३८ सालीं औंधचें संग्रहालय झालें त्याच सालीं हॉलंडांत ओटर्लो या खेड्याजवळ, रानमाळांत, दुसरें एक चित्रसंग्रहालय उघडलें. हेलेन क्रॉलर-म्युलर या बाईंनीं जमविलेला, व्हॅन गॉगच्या चित्रांसाठीं प्रसिद्ध असलेला हा संग्रह. हेन्री व्हॅन द व्हेल्ड या बेल्जियन वास्तुशिल्पज्ञानें त्यासाठीं बुटकी, साधी, वरून उजेड घेणारी इमारत बांधली. हजारों मैलांच्या अंतरावर असलेल्या दोन संग्राहकांनीं एकाच वर्षीं शहराकडे पाठ फिरवून आपल्या काळाची कला उघड्या आभाळाखालीं नेली, हें साम्य मनोवेधक आहे. पुढें जगांत अशा ग्रामीण संग्रहालयांची रीतच पडली, आणि त्यांच्या वास्तूंविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. त्या लिखाणांत औंधचें नांव क्वचितच येतें.

पण या दोहोंत एक मोठा भेदहि आहे, आणि तो औंधच्या बाजूनें जातो. ओटर्लोच्या रानांत जो जातो तो चित्रें पाहावयाच्या निश्चयानेंच जातो. औंधच्या डोंगरावर माणसें शतकानुशतकें जात आलीं तीं यमाईसाठीं. माथ्यावर मूळपीठाचें देऊळ आहे. पंतप्रतिनिधींच्या घराण्याप्रमाणेंच महाराष्ट्रांतील असंख्य कुटुंबांची ती कुलदेवता. संग्रहालय बांधलें तें राजवाड्याच्या आवारांत नाहीं, पेठेंतहि नाहीं. त्या डोंगराच्या चढावर, देवीच्या वाटेवर बांधलें. त्यामुळें नारळ आणि खण घेऊन निघालेली शेतकरीण, नवस फेडावयास आलेलें जोडपें, शाळेच्या सहलीचीं पोरें, हीं सारीं माणसें चित्रें पाहावयाचा संकल्प न करतांहि चित्रांच्या दारांत येऊन ठेपतात. कडेवर मूल असलेली बाई मूरच्या ‘माता व बालका’समोर उभी राहते, तेव्हां तिला शिल्पकाराचें नांव ठाऊक नसतें; पण दगडांतली ती बाई काय करीत आहे हें तिला कोणी सांगावें लागत नाहीं. शहरांतील संग्रहालयास असा प्रेक्षक जाहिरात देऊनहि मिळत नाहीं.

येथें एक आक्षेप उभा राहतो, आणि त्याची उपेक्षा करून चालणार नाहीं. ज्या तालुक्यांत पाऊस दर दोनतीन वर्षांनीं हुलकावणी देतो, जेथें शेतकऱ्यास सावकाराचें देणें फिटत नाहीं, तेथें राजानें चित्रांवर व चित्रशाळेवर पैसा वेंचावा हें कितपत योग्य? विहिरी आणि बंधारे आधीं नकोत काय? प्रश्न रास्त आहे, आणि राजाच्या रसिकतेचें कौतुक करून त्याचें उत्तर होत नाहीं. मात्र एवढें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, याच राजानें १९३९ च्या जानेवारींत, महात्मा गांधींच्या सल्ल्यानें तयार झालेल्या राज्यघटनेनुसार, आपली सत्ता प्रजेच्या हातीं दिली. त्या कामीं त्याचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन यांनीं परिश्रम घेतले. ग्रामपंचायती हा त्या घटनेचा पाया होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें कैद्यांची खुली वसाहतहि याच सुमारास निघाली. तेव्हां १९३८ आणि १९३९ हीं दोन वर्षें एकत्र पाहावयास हवींत. पहिल्या वर्षीं राजाचीं चित्रें लोकांच्या वाटेवर आलीं, दुसऱ्या वर्षीं राजाचा कारभार लोकांच्या हातीं आला. संपत्ति वाटून पोटें भरावीं हें तर खरेंच. पण खेड्यांतील माणसास पोटाखेरीज डोळेहि असतात, हें मानणारे राज्यकर्ते विरळा.

८ मार्च १९४८ रोजीं औंध संस्थान विलीन झालें. १३ एप्रिल १९५१ रोजीं भवानराव निवर्तले. संस्थान गेलें, राजा गेला. डोंगरावरील इमारत राहिली. पुढें ती महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आली आणि आज त्याच्याच व्यवस्थेखालीं आहे. अनेक संस्थानांचे संग्रह विलीनीकरणानंतर पांगले, विकले गेले किंवा वाड्यांच्या बंद खोल्यांत कसरीच्या तोंडीं पडले. औंधचा संग्रह वांचला, याचें एक कारण असें कीं तो आधींच राजवाड्याबाहेर पडून सार्वजनिक झाला होता. ज्याला स्वतःचें घर असतें तें धन्यामागून सहसा पोरकें होत नाहीं.

अशा मोलाच्या वस्तु आडवळणाच्या गांवीं ठेवण्यापेक्षां पुण्यामुंबईस न्याव्या, तेथें पाहणारे अधिक आणि पहारा चोख, असा विचार कोणाच्याहि मनांत येणें स्वाभाविक आहे. परंतु त्यांत दोन गोष्टी निसटतात. मुंबईची समुद्राची दमट हवा कापडावरच्या व कागदावरच्या चित्रांची वैरीण आहे. खटावची कोरडी हवा त्यांस त्या मानानें मानवते. आणि दुसरी गोष्ट अशी कीं, मुंबईस नेलेलें चित्र तेथील शेकडों चित्रांत आणखी एक होईल. औंधच्या माणसाच्या आयुष्यांतून मात्र तें एकुलतें एक नाहींसें होईल. सोलापूरहून जवळच, धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें, रामलिंगप्पा लामतुरे यांनीं जमविलेल्या प्राचीन वस्तु तेरच्याच भूमींत ठेवलेल्या आहेत, हें उदाहरण पाहावें. तेरच्या वस्तु त्या मातींत सांपडल्या म्हणून तेथें शोभतात. औंधचीं चित्रें त्या मातींतलीं नव्हत. पण ज्या उजेडांत तीं पाहावयाचीं तो उजेड त्या डोंगराचा आहे, आणि इमारत त्या उजेडाच्या मापानें बेतलेली आहे.

म्हणून औंधचा खरा प्रश्न चित्रें कोठें ठेवावीं हा नसून दोन कामें कोण करणार हा आहे. पहिलें काम छपराचें. वरून उजेड घेणाऱ्या इमारतीचें मर्मस्थान वरतीच असतें. एक सांधा सुटला तर पाणी थेट चित्रावर येतें, आणि काचेवर धूळ सांचली तर दालन दिवसाढवळ्या अंधारतें. शेतकरी मृगापूर्वीं आपलें माळवद चोपून घेतो आणि साण्यावर झांकण ठेवतो. त्याच नेमानें, पाऊस पडण्याची वाट न पाहतां, या छपराची राखण व्हावयास हवी. दुसरें काम संग्रहाचें. भवानरावांनीं आपल्या काळाचीं चित्रें घेतलीं म्हणून ही चित्रशाळा जिवंत होती. १९३८ सालचें नवें चित्र आज जुनें झालें आहे. सोलापूर जिल्ह्यांतील पंढरपुरास १९१५ सालीं जन्मलेले मकबूल फिदा हुसेन ज्या पिढीचे, त्या पिढीनंतर आणखी दोनतीन पिढ्या या मुलखांत चित्रें काढीत आल्या आहेत. त्यांच्यापैकीं कोणाचें तरी एखादें चित्र, दरवर्षीं एक कां होईना, त्या डोंगरावर चढलें पाहिजे. राजाची हौस राजाबरोबर संपते. लोकांची संस्था असेल तर ती हौस लोकांनीं चालवावयाची असते. छप्पर नीट राखलें आणि भिंतीवर नवें चित्र येत राहिलें, तर यमाईच्या वाटेवरचा तो उजेड पुढच्या पिढ्यांनाहि पुरेल.